खोली गार ठेवायची? आधी हवा मोजा, मग एसीला हुकूम द्या

मे महिन्यात नागपूरला लागू पडणारा सल्ला मुंबईत कुचकामी ठरतो, आणि पुण्याचं गणित या दोन्हींपेक्षा निराळं. तरी ‘स्मार्ट एसी’ म्हटलं की सगळ्यांना एकच औषध दिलं जातं: अमुक उपकरण घ्या, तमुक ॲप टाका, बिल कमी येईल. त्या उपकरणाला काय सांगायचं हेच माहीत नसेल तर ते नुसती रिमोटची जागा घेतं. खोलीत उष्णता कुठून शिरते, हवेत ओल किती आहे, रात्री बाहेर कितपत गार होतं, एवढं कळलं की अर्धं काम झालं. कित्येक घरांत तेवढ्यावरच लक्षात येतं की दुपारी एसीची गरजच नाही, किंवा ज्या दुसऱ्या एसीसाठी पैसे साठवले तो घ्यायलाच नको.

म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. फुकटची आणि स्वस्तातली कामं आधी, मग स्मार्ट रिमोट, आणि नवा एसी सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करू नका, एवढं कळकळीनं सांगतो.

## पायरी १: खोली आणि मीटर, दोन्ही वाचायला शिका

तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर ३००-५०० रुपयांत मिळतो. तो पलंगाच्या उंचीवर ठेवा. एसीच्या झोतात नको, उन्हाच्या तिरिपेत नको, फ्रिजवर तर अजिबात नको. दुपारी तीन, रात्री दहा आणि पहाटे पाच अशा तीन वेळांचे आकडे चार-पाच दिवस टिपून ठेवा. त्याच वेळी तोच थर्मामीटर गॅलरीत सावलीला दहा-पंधरा मिनिटं ठेवून बाहेरचेही आकडे घ्या.

हे आकडे वाचायचे कसे? दुपारी बाहेरची आर्द्रता ३५-४० टक्क्यांच्या खाली असेल तर तुमच्याकडे कूलर चांगला चालेल. रात्री दहाला बाहेरची हवा खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी गार असेल तर एक्झॉस्ट फॅन लावून रात्र निभावते. दोन्ही नसेल, म्हणजे दिवसा दमट आणि रात्रीही बाहेर गार होत नाही, तर एसीला पर्याय नाही. तिथे तो नीट चालवायला शिकणं हाच खरा उपाय.

आता वीज. एसी किती खातो हे कळायला वेगळं यंत्र लागत नाही. घराच्या वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ‘३२०० इम्पल्स’ किंवा असा काही आकडा छापलेला असतो. म्हणजे दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. फ्रिजसकट घरातलं बाकी सगळं थोडा वेळ बंद करा, फक्त एसी चालू ठेवा, आणि घड्याळ लावून एक मिनिट ते लुकलुकणं मोजा. त्या संख्येला ६० नं गुणा आणि छापलेल्या आकड्यानं भागा. समजा मिनिटाला ३२ वेळा लुकलुकला आणि मीटर ३२०० चा आहे, तर एसी त्या क्षणी ०.६ किलोवॅट घेतोय, म्हणजे तासाला ०.६ युनिट.

इन्व्हर्टर एसीवर, म्हणजे खोली गार झाली की कॉम्प्रेसर बंद न करता हळू चालवणाऱ्या एसीवर, हा प्रयोग दोनदा करा. एकदा चालू केल्यावर पाच मिनिटांनी, आणि एकदा खोली गार होऊन तासभर झाल्यावर. सुरुवातीला दीड टनाचा एसी दीड किलोवॅटच्या आसपास खेचतो, पुढे तोच निम्म्याखाली उतरतो. तासाभरानंतरही आकडा उतरला नाही, तर खोलीत कुठून तरी उष्णता सतत येतेय, फिल्टर चोंदलाय, नाहीतर गॅस कमी झालाय. ॲपमधला कुठलाही आलेख हे यापेक्षा स्पष्ट सांगत नाही.

महावितरणच्या घरगुती दरात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत. वरच्या टप्प्यातल्या युनिटांनाच वरचा दर लागतो. एसीची युनिटं नेहमी सगळ्यात वर जाऊन बसतात, त्यामुळे वाचवलेलं प्रत्येक युनिट हे तुमच्या बिलातलं सर्वांत महाग युनिट असतं. महिन्याला ३०-४० युनिटं वाचली तर काय मोठंसं, असं वाटणाऱ्यांनी आपलं बिल उलटून टप्पे बघावेत.

## पायरी २: ऊन काचेच्या बाहेरच अडवा

आतून लावलेला जाड पडदा उजेड अडवतो, उष्णता फारशी नाही. ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला, आणि ती उष्णता आता खोलीतच फिरणार. तेच ऊन काचेच्या बाहेर अडलं तर बाहेरच राहतं. म्हणून पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक, किंवा नर्सरीत मिळते ती हिरवी शेडनेट. ग्रिलला नायलॉनच्या दोरीनं आवळून बांधा, आणि शेडनेट व काच यांच्यात वीतभर अंतर राहू द्या, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते. सोसायटीत बाहेरून काही लावायला परवानगी लागते. ती मागताना ‘एसी कमी चालेल’ हे कारण सांगितलं तर सहसा कोणी अडवत नाही.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा शत्रू स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा-बारापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो, आणि आपण एसीला दोष देतो. गच्चीवर पांढरा चुना, नाहीतर ऊन परतवणारा तयार पांढरा रंग, उन्हाळ्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये मारून घ्या. पांढऱ्या चायना मोझॅकची गच्ची असेल तर ती फक्त घासून स्वच्छ करा, तीही तेच काम करते. धूळ बसून करडी झालेली गच्ची ऊन पिते.

## पायरी ३: पंखा आधी बदला

पंखा हवा गार करत नाही, माणसाला गार करतो. अंगावरून वारा गेला की घाम सुकतो आणि दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं. म्हणून २४ वर पंख्याशिवाय आणि २७ वर पंख्यासकट हा अनुभव अंगाला जवळजवळ सारखाच असतो, मीटरला मात्र नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, सांगतं की सेटिंग एक अंश वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या स्टार लेबलच्या रूम एसींना कारखान्यातूनच २४ अंशांची मूळ सेटिंग असावी असा केंद्राचा नियम आहे. २४ ही सुरुवात समजा, तिथून वर जायचं.

जुना सीलिंग फॅन ७०-८० वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) फॅन तितक्याच वाऱ्याला ३० च्या आसपास. रोज १२ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिटं वाचतात. बीएलडीसी बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून तिथे साधं बटण बसवायला वायरमनला सांगा. रेग्युलेटरमधून दिलेल्या विजेनं त्याचा सर्किट बोर्ड खराब होतो. आणि आयआर (टीव्हीसारख्या इन्फ्रारेड) रिमोटवालाच घ्या, कारण पुढे जो स्मार्ट रिमोट घ्यायचा आहे तोच या पंख्यालाही चालवेल.

## पायरी ४: कूलर, आणि तो कुठे चालतो

विदर्भातल्या माणसाला कूलर शिकवण्याची गरज नाही. पण मुंबई-ठाण्यात दर एप्रिलमध्ये लोक ऑनलाइन कूलर मागवतात आणि जूनपर्यंत तो गॅलरीत पडतो. यामागचं गणित एकदा समजून घेण्यासारखं आहे.

पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी जास्त उडतं. नागपूरला ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना चांगल्या पॅडचा कूलर २९-३० अंशांची हवा फेकू शकतो. तेरा-चौदा अंशांचा फरक! मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर तोच कूलर ३० च्या आसपासच पोचतो. फरक चार अंशांचा, आणि वर ती हवा इतकी ओली की अंगावरचा घाम सुकायचा थांबतो. नागपूर, अकोला, जळगाव, संभाजीनगर, सोलापूर इथे मार्च ते मे कूलर उत्तम. पुणे-नाशिकला मार्च-एप्रिलमध्ये चांगला, मेअखेरीस वळवाचे ढग आले की निरुपयोगी. कोकण किनारा आणि गोवा इथे नकोच.

टेबलावरचा ‘मिनी एसी’ म्हणून जाहिराती येतात, त्यांचंही असंच. एक लिटर पाणी पूर्ण उडालं तर सुमारे ०.६८ किलोवॅट-तास इतकी थंडी मिळते. अर्ध्या लिटरची टाकी चार तास पुरत असेल तर ते यंत्र ८५ वॅट थंडी देतंय. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातूनच १०० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर पडते. पैसे घालवू नका.

कूलर लावताना दोन गोष्टी सांभाळा. कूलरला बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे, आणि खोलीतली ओली हवा निघून जायला समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला तर तासाभरात खोली चिकचिकीत होते. आणि कूलर व एसी एकाच खोलीत एकाच वेळी कधीही नको. कूलर ओल घालतो, एसी ती काढत बसतो, आणि वीज दोघांची लागते.

आता यातला ‘स्मार्ट’ भाग. कूलरचा पंखा आणि पंप यांची बटणं वेगळी असतात. वायरमनकडून पंपाची वायर वेगळी काढून स्मार्ट स्विचवर, म्हणजे फोनच्या ॲपवरून चालणाऱ्या बटणावर, घ्या, पंखा साध्या बटणावरच राहू द्या. आर्द्रतेचा स्मार्ट सेन्सर खोलीत ठेवा आणि ॲपमध्ये नियम लावा: खोलीतली आर्द्रता ६५ च्या वर गेली की पंप बंद, ५५ च्या खाली आली की चालू. पॅड ओलेच असतात, त्यामुळे पंप थांबला तरी काही वेळ गारवा येत राहतो. पहाटे खोली दमट होऊन घसा धरण्याचा त्रास याने जातो, पाणीही वाचतं. मोठा डेझर्ट कूलर ऐन दुपारी तासाला १०-१५ लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी उडवतो. मराठवाड्यात जिथे टँकरची वाट बघावी लागते तिथे हा हिशोब विजेइतकाच महत्त्वाचा आहे.

आणि हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. लोखंडी कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात, त्यात पाणी भरायला गेलेल्या बायका आणि खेळणारी मुलं असतात. तीन पिनांचा प्लग आणि खरंच जोडलेलं अर्थिंग, नुसतं तिसरं भोक नव्हे. घराच्या बोर्डावर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. पाणी भरताना बटण बंद करून प्लगही काढायचा, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कूलरला हात लावायचा नाही. स्मार्ट स्विचनं पंप ‘बंद’ दाखवला तरी कूलर सुरक्षित झाला असं समजू नका. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसून, घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो, आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ त्यासाठीच.

## पायरी ५: पुणे-नाशिकवाल्यांसाठी रात्रीची हवा

पठारावर एप्रिलची दुपार ३८-३९ वर गेली तरी पहाट २०-२२ पर्यंत उतरते. ही फुकटची थंडी खिडक्या बंद ठेवून वाया जाते. स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये असलेला बारा इंची एक्झॉस्ट फॅन स्मार्ट प्लगवर लावा. एक सेन्सर आत, एक गॅलरीत सावलीला. बाहेरचं तापमान आतल्यापेक्षा दोन अंशांनी खाली आलं की फॅन चालू, सकाळी सातला बंद. झोपायच्या खोलीची खिडकी जाळीसकट उघडी ठेवा आणि मधली दारंही, म्हणजे हवा त्या खोलीतूनच ओढली जाईल. सकाळी सात-साडेसातला सगळ्या खिडक्या लावून पडदे ओढायचे, संध्याकाळपर्यंत उघडायचे नाहीत. आजी-आजोबांच्या पिढीनं वाड्यात हेच केलं होतं, फक्त भिंती जाड होत्या. स्वयंपाकघरात गॅस गीझर असेल तर एक्झॉस्ट चालू असताना तिथली खिडकी बंद ठेवू नका, उलट दिशेनं धूर आत ओढला जाऊ शकतो.

## पायरी ६: हातातल्या रिमोटची बटणं

स्मार्ट उपकरण विकत घेण्याआधी हातातल्या रिमोटवरची तीन बटणं आठवडाभर वापरून बघा. ‘स्लीप’ दाबलं की बहुतेक एसी तासातासानं एकेक अंश वर चढतात आणि मग तिथे थांबतात. ‘टायमर’नं पहाटे बंद होतो. ‘ड्राय’ मुंबई-कोकणासाठी: पावसाळ्यात तापमान २८ असतं पण ओलीनं जीव नकोसा होतो, तेव्हा ड्रायवर ब्लोअर हळू फिरतो आणि हवेतलं पाणी निघतं. खोली फार गार होत नाही, पण अंग कोरडं राहतं. कपाटातल्या कपड्यांना बुरशी लागते त्या खोलीत दिवसातून एक-दोन तास ड्राय लावणं हे डांबराच्या गोळ्यांपेक्षा उपयोगी. काही रिमोटांवर ‘फॉलो मी’ किंवा ‘आय फील’ असतं. ते दाबलं की एसी छताजवळचं तापमान सोडून रिमोटमधल्या सेन्सरचं तापमान धरतो. रिमोट उशाशी, एसीच्या बाजूला तोंड करून ठेवायचा.

एवढ्यावर भागलं, तर पुढचं सोडून दिलंत तरी चालेल.

## पायरी ७: स्मार्ट रिमोट बसवणं

तुमच्या एसीत वाय-फाय आधीच असेल तर कंपनीचं ॲप वापरा: एलजीचं थिंक्यू, सॅमसंगचं स्मार्टथिंग्ज, पॅनासॉनिकचं मिराई वगैरे. एसी खरंच चालू आहे का, हे त्यात खात्रीनं कळतं. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून आलेल्या मॅटर या मानकात २०२३ साली रूम एसीचाही समावेश झाला. दोन एसींपैकी एक निवडताना मॅटरवाला मिळत असेल तर तो घ्यावा, पण केवळ त्यासाठी चालता एसी बदलू नये.

साध्या एसीला, अगदी दहा वर्षं जुन्या विंडो एसीलाही, आयआर ब्लास्टर चालतो. डबीएवढं हे यंत्र हजार रुपयांच्या आसपास मिळतं. ते तुमच्या रिमोटसारखेच अदृश्य किरण सोडतं, म्हणून एसीच्या तोंडासमोर, मध्ये पडदा किंवा कपाटाचा कोपरा न येता ठेवावं लागतं. टीव्हीच्या वरच्या फळीवर जागा बहुधा सापडते. किरण निघतायत का हे बघायचं असेल तर खोलीतला दिवा मालवा, फोनचा सेल्फी कॅमेरा डबीसमोर धरा आणि ॲपमधून हुकूम द्या. कॅमेऱ्यात जांभळट ठिपका चमकतो.

जोडताना सगळे अडतात ती जागा वाय-फायची. ही यंत्रं बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि आजकालचा राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावानं देतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन थोडा वेळ ५ बंद करा, यंत्र जोडून घ्या, पुन्हा सुरू करा. पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क राउटरवर असेल तर अशी यंत्रं त्यावरच टाका, म्हणजे घरातल्या फोन-लॅपटॉपपासून ती दूर राहतील.

ॲपमध्ये तुमच्या कंपनीचं नाव निवडल्यावर रिमोटचे तीन-चार नमुने येतात. एकेक लावून बघा: चालू, २६, फॅन स्पीड, स्विंग, बंद. पाचही बरोबर चालले तरच तो नमुना पक्का करा, नुसतं ‘चालू-बंद’ झालं म्हणून खूश होऊ नका.

नमुना सापडलाच नाही तर ‘शिकवणे’ हा पर्याय असतो. इथे एसीचा रिमोट टीव्हीच्या रिमोटपेक्षा वेगळा आहे हे ध्यानात घ्या. टीव्हीचं बटण फक्त ‘आवाज एक वाढव’ एवढंच सांगतं. एसीचा रिमोट प्रत्येक बटणाला पूर्ण हुकूम पाठवतो: ‘चालू, कूल, २६ अंश, फॅन ऑटो, स्विंग बंद’. म्हणून ‘तापमान वाढवा’ हे बटण शिकवून उपयोग नाही. रिमोटच्या पडद्यावर आधी हवी ती स्थिती आणा, आणि ती जशीच्या तशी पाठवणारं बटण शिकवा. ‘कूल २५’, ‘कूल २६’, ‘कूल २७’, ‘ड्राय’ आणि ‘बंद’ असे पाच हुकूम शिकवले की घर चालतं. त्यांना नावं मराठीतच द्या, ‘आजीची खोली २७’ अशी, म्हणजे घरातलं कोणीही फोनवर दाबू शकेल.

या पूर्ण हुकमाचा एक फायदा: तोच हुकूम दोनदा गेला तरी बहुतेक एसींत काही बिघडत नाही, त्यामुळे दोन मिनिटांनी पुन्हा पाठवायचा नियम बिनधास्त लावा. तोटाही आहे. रात्री कोणी हातानं एसी बंद केला आणि तीन वाजता तुमच्या वेळापत्रकानं ‘कूल २७’ पाठवलं, तर बंद असलेला एसी चालू होतो. ब्लास्टरला एसीची खरी स्थिती कळतच नाही.

त्यावरचा इलाज म्हणजे वीज मोजणारा १६ ॲम्पियरचा स्मार्ट प्लग. तो एसीच्या सॉकेटवर फक्त मोजायला लावायचा, आणि नियमात अट घालायची: ‘प्लगवर ५० वॅटपेक्षा जास्त वीज जात असेल तरच हुकूम पाठव’. या प्लगनं एसी बंद करायचा मोह टाळा. चालता कॉम्प्रेसर वीज तोडून थांबवणं यंत्राला चांगलं नाही. एसी थांबवायचा तो रिमोटच्याच हुकमानं. १० ॲम्पियरचा प्लग एसीला कधीही नको. प्लग बसवल्यावर अर्ध्या तासानं हात लावून बघा. चांगलाच गरम लागला किंवा सॉकेटमध्ये ढिला बसत असेल तर काढा आणि आधी सॉकेट बदलून घ्या. दीड टनाच्या एसीला स्वतंत्र एमसीबी आणि ४ चौरस मिलिमीटरची वायर असलेली बरी. ज्यांच्याकडे एसीची लाइन जुन्या पंख्या-दिव्यांच्या वायरीवरून काढली आहे त्यांनी स्मार्ट उपकरणांचे पैसे आधी वायरिंगवर घालावेत.

हातानं जोडाजोडी करायची आवड असणाऱ्यांना ईएसपी ८२६६ हा वाय-फायचा छोटा बोर्ड, आयआर एलईडी, एक ट्रान्झिस्टर आणि टीएसओपी १७३८ हा रिसीव्हर एवढ्यात ब्लास्टर घरी करता येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास हे सुटे भाग मिळतात. ईएसपीहोम आणि होम असिस्टंट या घरातच चालणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरवर तो चालवला की इंटरनेट बंद पडलं तरी सगळे नियम घरातल्या घरात चालू राहतात. माझं मत विचाराल तर ज्यांना जमतं त्यांनी हाच मार्ग धरावा.

## पायरी ८: नियम थोडेच, पण नेमके

झोपेचा नियम सगळ्यात जास्त वीज वाचवतो. पहाटेकडे शरीराचं तापमान आपसूक उतरतं, बाहेरही गार होतं, आणि एसी मात्र रात्री दहाच्या सेटिंगवरच अडून असतो. पांघरूण ओढून घ्यावं लागतं म्हणजे पैसे वाया चाललेत. साडेदहाला ‘कूल २५’ आणि पंखा दोनवर, साडेबाराला २६, तीनला २७, साडेपाचला एसी बंद, पंखा चालूच. तीन-चार रात्री बघा. कोणी घामानं जागं झालं तर तीनचा हुकूम २६ वर थांबवा.

गॅलरीचं दार हा दुसरा. दाराला चुंबकाचा छोटा सेन्सर लावून, दार पाच मिनिटं उघडं राहिलं तर एसी बंद. मुलं असलेल्या घरात याची किंमत महिन्याभरात वसूल होते.

खोलीत कोणी नसेल तर बंद, हा नियम मात्र जपून. स्वस्त सेन्सर हालचाल ओळखतो, माणूस नव्हे. गाढ झोपलेला माणूस त्याला दिसत नाही आणि एसी मध्यरात्री बंद पडतो. तो फक्त बैठकीच्या खोलीत लावा. झोपायच्या खोलीत हवाच असेल तर एमएमवेव्ह (रडारसारख्या लहरींचा) प्रकारचा घ्या, तो श्वासाची हालचालही टिपतो.

मोबाइलनं ओळखून ‘घरी पोचायच्या आधी अर्धा तास चालू’ हे लोकप्रिय आहे, पण ट्रॅफिकमध्ये अडकलात तर रिकामी खोली गार होत बसते. दहा मिनिटं पुरतात, आणि पोचल्यावर पंखा जोरात लावला तर तीही लागत नाहीत.

इन्व्हर्टर एसीला स्मार्ट नियमांनी सारखं चालू-बंद करू नका. तो सतत हळू चालण्यासाठीच बनवला आहे, त्याचं सेटिंग वर-खाली करा, बटण नको. जुन्या साध्या एसीला चालू-बंद चालतं, पण बंद केल्यावर पुन्हा चालू करण्याआधी किमान पाच मिनिटं अंतर ठेवा.

वीज जाऊन आली की काय व्हावं हेही आधीच ठरवून ठेवा. बहुतेक एसींत ‘ऑटो रिस्टार्ट’ असतं, तो आधीच्या स्थितीत परत चालू होतो. स्मार्ट प्लगचं ‘वीज आल्यावरची स्थिती’ हे सेटिंग ‘आधीसारखी’ करा, नाहीतर प्लग बंदच राहील आणि एसी बिघडला म्हणून मेकॅनिकला फोन जाईल.

घरात वयस्कर माणूस, तान्हं बाळ किंवा आजारी कोणी असेल तर त्यांच्या खोलीत आपोआप बंद होणारा एकही नियम ठेवू नका. उष्णतेच्या लाटेत म्हाताऱ्या माणसांना तहान आणि उकाडा दोन्ही उशिरा जाणवतात. त्यांच्या खोलीत उलटा नियम हवा: तापमान ३१ च्या वर गेलं की तुमच्या फोनवर सूचना. मूळ रिमोट भिंतीवरच्या स्टँडला, त्यांच्या हाताला येईल असा. ॲपवाचून एसी लागलाच पाहिजे.

## पायरी ९: एवढं करूनही नवा एसी घ्यायचाच असेल

आधी जुन्याचा फिल्टर धुऊन बघा. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी नळाखाली धरून, सावलीत वाळवून. आउटडोअर युनिटसमोर ठेवलेली जुनी सायकल, कुंड्या, कपड्यांचा स्टँड हलवा, त्याला गरम हवा फेकायला मोकळी जागा लागते.

घ्यायचाच तर स्टारच्या जोडीला लेबलवरचा आयएसईईआरचा आकडा (हंगामभराची कार्यक्षमता, जितका जास्त तितका चांगला) आणि वर्षाची युनिटं बघा. ती युनिटं १६०० तासांची धरलेली असतात. तुमच्याकडे किती महिने किती तास चालतो, त्या प्रमाणात हिशोब करा. वर्षातून दोन महिने, रात्रीच चार-पाच तास चालणाऱ्या एसीला पाच स्टारची जादा किंमत वसूल व्हायला फार वर्षं लागतात. मुंबईत आठ महिने चालणाऱ्याला पाचच घ्या. स्टारचे निकष ठरावीक काळानं कडक होतात, म्हणून लेबलवर छापलेली वैधतेची वर्षं वाचा. जुन्या साठ्यातला पाच स्टार नव्या तक्त्यात पाच राहीलच असं नाही. गॅस आर-३२ किंवा आर-२९० असावा. जुन्या आर-४१०ए पेक्षा दोन्ही वातावरण बरंच कमी तापवतात. आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो पेट घेतो, म्हणून बसवणं आणि दुरुस्ती कंपनीच्या प्रशिक्षित माणसाकडूनच.

बसवायला माणूस आला की समोर उभे राहा. पाइप जोडल्यावर व्हॅक्युम पंप लावून आतली हवा आणि ओल पूर्ण काढायला सांगा. घाईत तो गॅसनंच हवा ढकलून मोकळा होतो आणि वर्षभरात कॉम्प्रेसरवर ताण येतो. पंधरा-वीस मिनिटं पंप चालतो, तेवढा वेळ त्याला चहा द्या. मग जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, पाणी जाणाऱ्या पाइपाला बाहेरच्या बाजूला उतार आहे का ते इनडोअर युनिटमध्ये तांब्याभर पाणी ओतून तपासा, आणि तो निघायच्या आत मीटरवरचा लाल दिवा एकदा मोजून आकडा लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात एसी बरोबर चालतोय का, हे ठरवायला तोच आकडा लागेल.